करमणुकीसाठी कैद



आजचा विषय ओर्का या सागरी प्राण्याच्या बंदिवासाचा आहे. ‘किलर व्हेल’ या नावाने तो अधिक ओळखला जातो. व्हेल म्हणत असले, तरी तो डॉल्फिनच्याच कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. भारतात ओर्काला तलावात ठेवून त्याचे खेळ कधी झाले नाहीत. मग पौड-मुळशीच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन गेला आहे आणि पुन्हा येऊ शकतो. ताम्हिणी घाट उतरला की कोकण लागते. त्याच कोकणात, मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात, ‘सी-वर्ल्ड’ हे सागरी प्राण्यांचे उद्यान उभारण्याची योजना महाराष्ट्र शासनाने मांडली होती. जमिनी जाणार म्हणून तिथल्या ग्रामस्थांनी तिला विरोध केला आणि चर्चेचा सारा भर जमिनीवर राहिला. ज्या प्राण्यांना तिथे आणून ठेवायचे त्यांचे काय, हा प्रश्न मागेच पडला. देशात इतरत्रही डॉल्फिनच्या खेळांचे प्रस्ताव त्या काळात पुढे येत होते. त्याआधी, १९९८ मध्ये, चेन्नईजवळच्या ‘डॉल्फिन सिटी’ने बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच दगावले. या पार्श्वभूमीवर १७ मे २०१३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने एक परिपत्रक काढले. डॉल्फिन, व्हेल यांसारख्या प्राण्यांना व्यापारी करमणुकीसाठी ठेवण्याचा कोणताही प्रस्ताव राज्यांनी मान्य करू नये, असे त्यात सांगितले. भारताने घेतलेला हा निर्णय जगातील मोजक्या धाडसी निर्णयांपैकी एक आहे. त्याचा आपल्याला अभिमान असावा, आणि त्यामागचे कारणही नीट समजावे, म्हणून हे व्याख्यान.

कारण समजावे असे म्हणतो, कारण या परिपत्रकाविषयी जगभर एक अर्धवट समजूत पसरली आहे. भारताने डॉल्फिनला कायद्याने ‘व्यक्ती’ ठरवले, असे सर्रास सांगितले जाते. तसे झालेले नाही. डॉल्फिनची असामान्य बुद्धी पाहता त्यांना मानवेतर व्यक्ती मानावे आणि त्यांना त्यांचे स्वतःचे हक्क असावेत, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. परिपत्रकाने त्या मताचा आधार घेतला आणि करमणुकीसाठी अशा प्राण्यांना कैदेत ठेवणे नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवले. निर्णय योग्यच आहे. पण तो केवळ बुद्धीच्या पायावर उभा ठेवला, तर उद्या कोणी म्हणेल की अमुक प्राणी तेवढा हुशार नाही, त्याला ठेवायला काय हरकत? बुद्धीची परीक्षा घेऊन स्वातंत्र्य वाटायचे ठरले, तर परीक्षक नेहमी आपणच असणार. म्हणून मला याहून सरळ कसोटी मांडायची आहे. मोकळ्या जगात जगणाऱ्या प्राण्याला आपण कैद करतो, तेव्हा एकच विचारावे : ही कैद कोणाच्या हितासाठी? याच मुळशी तालुक्यात, बावधनला, ‘रेस्क्यू’ ही संस्था जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करते. तिथेही पिंजरे असतात, दारे बंद असतात. पण ती कैद त्या प्राण्याच्या जीवासाठी असते आणि बरा झाला की त्याला सोडण्याचा प्रयत्न असतो. खेळासाठीची कैद याच्या नेमकी उलट असते. प्राणी जितका धडधाकट, तितकी ती अधिक काळ चालते. अशा कैदेचे समर्थन कैद्याच्या बाजूने एकाही वाक्यात करता येत नाही. ती चूक व्यवस्थापनाने सुधारत नाही, कारण चूक व्यवस्थापनात नसून मुळात प्राण्यावर हक्क सांगण्यातच आहे. हा माझा आजचा मुद्दा आहे, आणि ओर्का हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

या प्राण्याकडून आपण काय हिरावून घेतो, हे कळायला त्याचे जगणे थोडे जाणून घ्यावे लागते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९७०च्या दशकात मायकेल बिग या संशोधकाने एक साधी पद्धत रूढ केली. पाठीवरच्या पराचा आकार आणि त्यामागचा पांढुरका डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक ओर्का ओळखायचा. त्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्या आणि त्यांतून एक समाज उलगडला. त्या किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या ओर्कांची कुटुंबे मातृवंशीय असतात. मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईजवळच राहतात. वीस-पंचवीस फुटांचा प्रौढ नरही आईच्या सोबतीने पोहतो. जॉन फोर्ड यांनी पाण्याखालचे आवाज ध्वनिमुद्रित करून दाखवले की प्रत्येक कुटुंबगटाची हाकांची स्वतःची बोली असते आणि पिल्ले ती थोरांकडून शिकतात. मादीचे पिल्ले होण्याचे वय चाळिशीच्या आसपास संपते, पण ती पुढे कित्येक वर्षे, क्वचित ऐंशीपर्यंतही जगते. या म्हाताऱ्या माद्या काय करतात, याचे उत्तर अलीकडच्या संशोधनाने दिले. सामन मासा कमी झाला की कळपाच्या पुढे त्याच असतात, कारण मासा कुठे मिळेल याची आठवण त्यांच्यापाशी असते. ३० वर्षांपुढच्या नराची आई गेली, तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मृत्यूची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०१८ मध्ये तालेक्वा नावाच्या मादीने आपले मेलेले पिल्लू १७ दिवस डोक्यावर तोलून धरत समुद्रात वाहिले. तिच्या मनात काय होते हे आपण तिच्या वतीने सांगू नये. पण आई-पिल्लाचे नाते या प्राण्यात किती खोल असते, हे नाकारायला जागा उरत नाही. असा प्राणी दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर सहज कापतो. तेव्हा ओर्काला नुसते पाणी आणि मासे पुरेसे नसतात. कुटुंब, बोली, आठवण आणि वाट मिळून त्याचे आयुष्य बनते.

आता हे आयुष्य कसे तोडले गेले ते पाहू. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका बंदरात शिरलेली मादी पकडून सागरी उद्यानात ठेवली गेली. ती दोन दिवसांत मेली. १९६४ मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाने शिल्पाच्या नमुन्यासाठी एका ओर्काला भाल्याने मारायला माणसे पाठवली. तो मेला नाही, म्हणून त्याला जिवंत ओढत आणले. तीनेक महिने तो जगला आणि लोकांची रीघ लागली. त्या गर्दीने धंद्याची वाट दाखवली. १९६५ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये नामू आणि पाठोपाठ सी-वर्ल्ड कंपनीच्या सॅन दिएगोतील उद्यानात शामू आली. मागणी वाढली, तशी पकड निर्दय होत गेली. ८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह या खाडीत बोटी आणि स्फोटकांच्या धाकाने ८० हून अधिक ओर्का कोंडले गेले. उद्यानांना पिल्लेच हवी होती, कारण ती वाहून न्यायला सोपी आणि शिकवायला सोपी. सात पिल्ले आयांपासून तोडून विकली गेली. चार पिल्ले आणि एक प्रौढ मादी जाळ्यांत अडकून बुडाली. हे कळू नये म्हणून त्यांची पोटे फाडून, दगड भरून, त्यांना तळाशी सोडले गेले. काही महिन्यांनी त्यांतली काही कलेवरे किनाऱ्याला लागली. १९७६ मध्ये बड इनलेट इथल्या पकडीनंतर वॉशिंग्टन राज्याने न्यायालयाची पायरी चढली आणि तिथली पकड थांबली. धंदा मात्र आइसलँडच्या समुद्राकडे वळला. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या खेळाला ‘कुटुंबाने मिळून पाहण्याचा कार्यक्रम’ म्हणून विकले गेले, त्याचा पहिला टप्पाच कुटुंब तोडण्याचा होता.

पेन कोव्हमधून नेलेल्या पिल्लांपैकी एक टोकिटे. मायामी सीक्वेरियममध्ये तिला ‘लोलिता’ हे रंगमंचाचे नाव मिळाले. तिचा तलाव सुमारे ८० फूट लांब, ३५ फूट रुंद आणि २० फूट खोल होता. त्यात तिने ५० हून अधिक वर्षे काढली. तिचा जोडीदार ह्यूगो वारंवार भिंतीवर डोके आपटत असे. १९८० मध्ये मेंदूतील रक्तवाहिनी फुटून तो मेला. त्यानंतर तिला आपल्या जातीचा दुसरा प्राणी दिसला नाही. तिला मूळ समुद्रात परत नेण्याची तयारी चालू असताना ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा मृत्यू झाला. कॅनडातील नायगाऱ्याच्या मरीनलँडमध्ये किस्का होती. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडलेली. तिची पाचही पिल्ले मेली. २०११ पासून ती एकटी होती आणि मार्च २०२३ मध्ये एकटीच गेली. हे दोन अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिका आणि स्पेनमधील २९ बंदिवान ओर्कांच्या दातांची छायाचित्रे तपासली गेली. प्रत्येकाच्या दातांना इजा होती, कारण हे प्राणी काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी दारे चावत राहतात. झिजलेल्या दातांना पुढे यंत्राने भोके पाडून रोज धुवावे लागते. मोकळ्या समुद्रात दोन ओर्कांत तंटा झाला तर हरणारा दूर निघून जातो. तलावात दूर असे काही नसते.

तलावाची किंमत माणसांनीही मोजली. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला तिलिकम नावाचा नर तीन माणसांच्या मृत्यूशी जोडला गेला. १९९१ मध्ये कॅनडात एक प्रशिक्षिका, १९९९ मध्ये ऑरलँडोच्या सी-वर्ल्डमध्ये रात्री तलावात शिरलेला एक माणूस आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी तिथल्याच अनुभवी प्रशिक्षिका डॉन ब्रँशो. ब्रँशो यांच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी स्पेनमधील तेनेरिफे बेटावर दुसऱ्या एका ओर्काने प्रशिक्षकाचा जीव घेतला होता. मोकळ्या समुद्रात ओर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. ब्रँशो यांच्यानंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने कारवाई केली, सी-वर्ल्ड कंपनी न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने यंत्रणेची बाजू उचलून धरली. प्रशिक्षक आणि ओर्का यांच्यात अडसर किंवा सुरक्षित अंतर असलेच पाहिजे, ही अट कायम राहिली. माणूस आणि ओर्का यांची मैत्री दाखवणे हाच ज्या खेळाचा प्राण, तो खेळ दोघांना एकमेकांपासून दूर ठेवल्याशिवाय सुरक्षित नाही, हे त्या निकालाने उघड केले. ब्रँशोसारख्या माणसांनी या प्राण्यांवर मनापासून प्रेम केले, यात मला शंका नाही. पण ज्या नात्यातून एका बाजूला बाहेर पडण्याची मुभाच नाही, त्यात दुसऱ्या बाजूचे प्रेम कितीही खरे असले तरी ते पुरेसे ठरत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत समंजस वाटणारा आहे. तलाव लहान असेल तर मोठा बांधा, खोल करा, आहार सुधारा, डॉक्टर नेमा. उपाय आहे, तर बंदी कशाला? या आक्षेपाचे उत्तर देताना मुळशीच्या भूमीची आठवण होणे साहजिक आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. माणसांच्या विस्थापनाची आणि प्राण्याच्या कैदेची बरोबरी मला करायची नाही. माणसाचा लढा माणूस स्वतः लढतो, आणि त्याचे दुःख उदाहरणासाठी वापरताना जपून वापरावे. पण त्या लढ्यात विचाराचा एक फरक स्वच्छ झाला होता, तो इथे कामाचा आहे. मोबदला वाढवून घेऊन तडजोड करावी, असे म्हणणारे तेव्हा होते. आणि प्रश्न मोबदल्याच्या रकमेचा नसून आमच्या संमतीवाचून आमचे खोरे घेण्याच्या अधिकाराचा आहे, असे म्हणणारेही होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्या दुसऱ्या भूमिकेतून आली. मोठ्या तलावाचा युक्तिवाद हा मोबदल्याचा युक्तिवाद आहे. तो अधिकाराच्या प्रश्नाला हात लावत नाही. खुद्द या धंद्याच्या इतिहासाने हे दाखवले आहे. २०१४ मध्ये सी-वर्ल्डने सॅन दिएगोत ओर्कांसाठी खूप मोठा तलाव बांधण्याची योजना जाहीर केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने तिला परवानगी दिली, मात्र तलावात यापुढे पैदास करायची नाही, ही अट घातली. पुढे कंपनीने ती योजनाच सोडली आणि १७ मार्च २०१६ रोजी ओर्कांची पैदास थांबवल्याचे जाहीर केले. प्रश्न फुटांचा आणि घनमीटरचा असता, तर हे घडले नसते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू आयुष्यमानाची आहे. बंदिवान ओर्का कमी जगतात की समुद्रातल्याइतकेच, यावर संशोधकांत वाद झाला. २०१५ मध्ये उद्यानांशी संबंधित संशोधकांनी अलीकडच्या काळातील आकडे समुद्राच्या जवळपास असल्याचे मांडले. दुसऱ्या गटाने पूर्ण इतिहासाचा हिशेब धरून दाखवले की बंदिवासात जगण्याचे प्रमाण काळाबरोबर सुधारले असले, तरी समुद्रातल्यासारखी वयाची मजल गाठणारे फार थोडे. मला दुसरा हिशेब अधिक पटतो, पण माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. उद्या आयुष्य समान निघाले, तरी किती वर्षे जगला एवढ्याने कैदेचे समर्थन होत नाही. टोकिटे दीर्घायुषी होती. तिच्या बाबतीत वर्षे वाढली म्हणजे कैदच वाढली.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा आणि संवर्धनाचा. त्यात एक सत्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९६० पर्यंत ओर्काकडे माणूस शत्रू म्हणून पाहत असे. मच्छीमार त्यावर गोळ्या झाडत. तलावातला ओर्का जवळून पाहिल्यावर लोकांची भीती ओसरली आणि त्याच पिढीने पुढे पकडीविरुद्ध आवाज उठवला. पण भूतकाळात एका चुकीतून काही चांगले निघाले, म्हणून ती चूक आज चालू ठेवण्याचा परवाना मिळत नाही. ओर्काविषयी मी आता जे सांगितले, त्यातले कुटुंब, बोली, आजीची आठवण हे सारे ज्ञान मुक्त प्राण्यांच्या निरीक्षणातून आले, छायाचित्रे आणि पाण्याखालचे मायक्रोफोन यांच्या मदतीने. तलावात जे कुटुंब मुळात नाहीच, त्याचे शिक्षण तलाव कसे देणार? संवर्धनाचे तर उलटेच झाले. ज्या समुदायातून पेन कोव्हची पिल्ले उचलली गेली, त्यात आज केवळ ७५ च्या आसपास प्राणी उरले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेने त्याला नष्टप्राय जाहीर केले. सामन माशाची टंचाई, प्रदूषण आणि जहाजांचा गोंगाट ही त्याची आजची संकटे. पण एक अख्खी पिढी पकडून नेल्याची तूट त्याआधीची आहे. तलावात जन्मलेला एकही ओर्का या समुदायाची संख्या वाढवायला समुद्रात गेलेला नाही.

तिसरा आक्षेप असा की जे आज कैदेत आहेत त्यांचे काय? त्यांना सोडले तर ते मरतील. याला केको या ओर्काचे उदाहरण दिले जाते. ‘फ्री विली’ या १९९३च्या चित्रपटातला हा नर मेक्सिकोतून ओरेगॉनला आणि तिथून १९९८ मध्ये आइसलँडला आणला गेला. २००२ मध्ये तो पोहत नॉर्वेला पोहोचला. पण तो कोणत्याही ओर्का-कुटुंबात मिसळला नाही आणि डिसेंबर २००३ मध्ये गेला. हे उदाहरण मी गंभीरपणे घेतो. लहानपणी तोडलेले नाते मोठेपणी सहज सांधता येत नाही, हे त्यातून दिसते. पण याचा अर्थ नाते तोडतच राहावे, असा होत नाही. जे कैदेत आहेत त्यांची जबाबदारी त्यांना कैद करणाऱ्यांवर आहे. पैदास थांबवावी, खेळ थांबवावेत आणि शक्य तिथे समुद्रालगतच्या कुंपणबंद खाडीत त्यांना उरलेले आयुष्य काढू द्यावे. कॅनडाने २०१९ मध्ये कायद्याने हीच दिशा धरली : आहेत ते राहतील, पण नवे पकडणे, नवी पैदास आणि करमणुकीचे खेळ बंद. फ्रान्सनेही २०२१ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अँटिबचे मरीनलँड बंद झाले. तिथल्या दोन ओर्कांना कुठे न्यायचे यावर मग वाद उभा राहिला. बंदीला विरोध करणारे या वादाकडे बोट दाखवतात. मला त्यातून उलट धडा दिसतो. कैदेची सुरुवात करणे सोपे असते आणि शेवट कोणाच्याच हातात नसतो. भारताला हा धडा फुकटात मिळाला आहे, कारण ओर्काच्या बाबतीत आपण सुरुवातच केली नाही.

चौथा आक्षेप रोजगाराचा, आणि कोकणाच्या संदर्भात तो हलक्याने घेता येणार नाही. पर्यटन येईल, हाताला काम मिळेल, असे सांगितले जाते तेव्हा ते सांगणाऱ्यांचे हेतू वाईट असतात असे नाही. पण हा युक्तिवाद आपल्या देशात सर्कशीच्या निमित्ताने एकदा तपासला गेला आहे. भारतीय सर्कशीच्या इतिहासात मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभारली आणि सांगली भागातून सर्कशीची परंपराच निघाली. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली, तेव्हा सर्कस-मालकांनी व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन दाद मागितली. २००० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सर्कशीतल्या कलावंतांचे पुनर्वसन करण्याची समाजाची जबाबदारी होती, ती आपण पुरेशी पाळली नाही, हे खरे. पण त्या अपयशावर उपाय म्हणून वाघ पुन्हा रिंगणात आणावा, असे आज कोणी म्हणत नाही. शिवाय कोकणाला डॉल्फिन दाखवण्यासाठी तलाव बांधण्याची गरजच नाही. हंपबॅक डॉल्फिन तारकर्लीपासून हर्णे-मुरुडपर्यंत किनाऱ्याजवळ दिसतात आणि ते दाखवून स्थानिक होडीवाल्यांची घरे चालतात. हा व्यवसाय गावाच्या हातात राहतो. मात्र माझी कसोटी इथेही लागू होते. कळपाला चहूबाजूंनी होड्यांनी घेरणे, इंजिन वाढवून त्यामागे धावणे, पिल्लाच्या आणि आईच्या मधून होडी घालणे, हा समुद्रातला तलावच झाला. अंतर राखावे, एका वेळी थोड्याच होड्या असाव्यात, इंजिन मंद ठेवावे आणि प्राणी दूर जाऊ लागला की पाठलाग सोडावा. तो कधीही निघून जाऊ शकतो, हीच त्या पाहण्यातली नीती आहे.

शेवटचा आक्षेप आपल्या घरातला आहे. मग बैलगाडा शर्यतीचे काय, असे या तालुक्यात कोणी विचारले तर तो प्रश्न टाळणे अप्रामाणिक ठरेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. बैल हजारो वर्षांपासून माणसासोबत राहिलेला, माणसाच्या घरीच जन्मणारा प्राणी आहे. त्याला सोडून देता येईल असे दुसरे जग त्याला उरलेले नाही. म्हणून त्याच्या बाबतीत वाद वागणुकीचा होतो : चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे, दमछाक. कायद्याने घातलेल्या अटी खरोखर पाळल्या जातात का, हे शेतकऱ्याने आणि शासनाने काटेकोरपणे पाहिले पाहिजे, आणि त्या पाळता येत नसतील तर शर्यतीचा आग्रह सोडला पाहिजे. ओर्काची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याचे जग अजून शाबूत आहे आणि त्याला त्यातून ओढून आणावे लागते. बैलाला चांगले वागवणे शक्य आहे. तलावातल्या ओर्काला चांगले वागवण्याची रीत अस्तित्वातच नाही. एका ठिकाणी आपण अपुरे आहोत म्हणून दुसऱ्या ठिकाणचा उघड अन्याय चालू द्यावा, हा न्याय नव्हे. उलट ओर्काच्या बाबतीत विचार स्वच्छ झाला, तर तो हळूहळू इतर प्राण्यांपर्यंत पोहोचेल.

मग आपण करायचे काय? तीन गोष्टी मला नेमकेपणाने मांडायच्या आहेत. पहिली, २०१३चा निर्णय परिपत्रकाच्या रूपात आहे. परिपत्रक दुसऱ्या परिपत्रकाने बदलता येते. डॉल्फिन आणि व्हेल यांना करमणुकीसाठी ठेवण्यावरची बंदी वन्यजीव संरक्षण कायद्यातच स्पष्ट शब्दांत यावी, जखमी प्राण्यांवरचे उपचार आणि सुटका तेवढे अपवाद ठेवून. महाराष्ट्राने तशी मागणी केंद्राकडे करावी. मालवणची सी-वर्ल्ड योजना ज्या राज्याने मांडली, त्याच राज्याने ही मागणी केली तर तिला वजन येईल. दुसरी, बंदीचा पाया केवळ बुद्धिमत्तेवर ठेवू नये, कैदेच्या हेतूवर ठेवावा. म्हणजे कोणता प्राणी पुरेसा हुशार आहे या वादात निर्णय अडकणार नाही. तिसरी गोष्ट आपल्या खिशाशी निगडित आहे. भारतात जे खेळ होऊ दिले जात नाहीत, ते पाहायला मराठी कुटुंबे परदेशी जातात. दुबईत २००८ पासून डॉल्फिनचे खेळ चालू आहेत, सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरण्याची तिकिटे विकली जातात. २०२३ मध्ये अबुधाबीत नवे सी-वर्ल्ड उघडले. तिथे ओर्का ठेवलेले नाहीत, ही जगाच्या बदलत्या मनाची खूण आहे, पण डॉल्फिन आहेत. पुण्यामुंबईच्या सहल-कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत असे खेळ असतात, कारण आपण ते मागतो. कंपनीकडे नोंदणी करताना हा कार्यक्रम वगळा असे सांगणे प्रत्येकाच्या हातात आहे. शाळांनी मुलांना या खेळांच्या ऐवजी किनाऱ्यावर नेऊन, अंतरावरून, मोकळा डॉल्फिन दाखवावा. तो दिसेलच असे नाही, हेही मुलांना शिकवावे. कारण आपल्याला हवे तेव्हा हवे ते दिसलेच पाहिजे, या अट्टहासातूनच काँक्रीटचा तलाव जन्माला येतो.

या साऱ्या मागण्यांत आपल्याला फार मोठा त्याग करावा लागत नाही. अर्ध्या तासाचा एक खेळ सोडायचा आहे. समोरच्या बाजूला एका प्राण्याचे अख्खे आयुष्य आहे. नीतिशास्त्रात इतका सोपा हिशेब क्वचितच मिळतो. तो आपल्या देशाने २०१३ मध्ये बरोबर मांडला. आता तो कायद्यात लिहिणे हे शासनाचे काम आहे, आणि तिकीटखिडकीवर तो पाळणे हे तुमचे-माझे.